गोल, कोष्टक आणि हात : मास्टरबॉलच्या संगणक-आवृत्तींविषयी काही विचार

कोड्याची समीक्षा करावी काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी थट्टेचा वाटण्याचा संभव आहे. खेळणे हे खेळण्यासाठी असते; ते सुटले किंवा सुटले नाही, एवढाच त्याविषयीचा निर्णय. तथापि एखादे कोडे आपले मूळचे माध्यम सोडून दुसऱ्या माध्यमात जाते, तेव्हा भाषांतरित ग्रंथासंबंधी जे प्रश्न उपस्थित होतात तेच त्याच्यासंबंधीही होतात. मुळातले काय राखले गेले, काय गळले, आणि जे राखले म्हणून सांगितले जाते ते मुळात खरोखर होते काय? प्रस्तुत लेखकास हे प्रश्न निव्वळ जिज्ञासेपोटी पडलेले नाहीत. क्रमचयांच्या गटांचे अध्यापन करताना त्याने काही वर्षे मास्टरबॉल या गोलाकार फिरत्या कोड्याची संगणक-आवृत्ती वर्गात वापरली, आणि त्या वापरातून एका विद्यार्थिनीच्या उत्तरपत्रिकेवर अन्याय झाला. त्या अन्यायाचे मूळ शोधणे हाच या लेखाचा हेतू आहे.

ज्यांनी मास्टरबॉल हाताळलेला नाही त्यांच्यासाठी त्याचे थोडक्यात वर्णन करणे अवश्य आहे. रुबिकने १९७४ साली घन निर्माण केला. त्यानंतर निघालेल्या फिरत्या कोड्यांच्या विस्तृत कुलातले हे एक गोलाकार अपत्य. सोललेल्या संत्र्यास फोडी असतात तशा या गोलास आठ फोडी आहेत, आणि पृथ्वीच्या गोलावरील अक्षवृत्तांप्रमाणे तीन आडव्या छेदांनी त्याची चार कडी झाली आहेत. एकूण तुकडे ३२. त्यांपैकी १६ ध्रुवांलगतचे, १६ विषुववृत्तालगतचे. प्रत्येक कडे आपल्या अक्षाभोवती ४५ अंशांच्या टप्प्यांनी फिरते. याखेरीज समोरासमोरच्या दोन रेखावृत्तांतून जाणाऱ्या पातळीवर गोल दुभंगून एक अर्ध १८० अंशांत उलटविता येतो. त्या योगे चार फोडी उलट क्रमाने आणि खालच्या वर होऊन बसतात. ध्रुवाजवळचा तुकडा कितीही खटपट केली तरी विषुववृत्तावर येत नाही. रंगीत प्रकारात प्रत्येक फोडीस एक याप्रमाणे आठ रंग असतात. ते विस्कटावयाचे आणि पुन्हा जुळवावयाचे.

अशा वस्तूची संगणक-आवृत्ती करणारा मनुष्य बहुधा पहिला विचार करतो तो चित्राचा. पडद्यावर छायाप्रकाशासह एक चकचकीत चेंडू काढावा, आणि माउसने ओढताच त्याचे कडे फिरावे. या जातीच्या आवृत्त्या दिसण्यात मोहक असतात यात शंका नाही. परंतु त्यांचा दोष मूलगामी आहे. विषुववृत्तासमोरून पाहिले असता एका वेळी चारच फोडी, म्हणजे ३२ पैकी १६ तुकडे दिसतात. हातातल्या चेंडूचेही तेवढेच दिसतात, असे कोणी म्हणेल. पण हातातल्या चेंडूची मागची बाजू बोटांना ठाऊक असते, आणि मान किंचित वळविली की ती डोळ्यांनाही कळते. माउसला बोटे नाहीत. त्याची गती द्विमित आहे, आणि तिरप्या ओढीचा अर्थ कडे फिरविणे असा घ्यावा की अर्ध उलटविणे असा, याचा निर्णय कार्यक्रमास अनुमानाने करावा लागतो. ते अनुमान चुकले की खेळणारा स्वतःस दोष देतो, ही त्यातली खेदाची गोष्ट. शिवाय खऱ्या चेंडूतील एक कडे जरा अर्धवट राहिले तरी दुभंगण्याची पातळी अडते आणि हाताला नकार मिळतो. पडद्यावर प्रत्येक कडे आपोआप आपल्या घरात बसते. चित्र वस्तूचे रूप घेते, पण तिचा विरोध घेत नाही.

दुसरी जात दिसण्यात दरिद्री आहे. तीत गोल मुळी नसतोच. असते एक कोष्टक, चार ओळींचे आणि आठ स्तंभांचे, ज्याची उजवी कड डाव्या कडेस जोडलेली आहे असे मानावयाचे. कडे फिरविणे म्हणजे एक ओळ एक घर सरकविणे. अर्ध उलटविणे म्हणजे लगतच्या चार स्तंभांचा ४ × ४ चौकोन कागदासारखा १८० अंशांत फिरविणे. एवढ्या दोन वाक्यांत सारे कोडे आले.

येथे एक आक्षेप संभवतो. गोल सपाटीवर उलगडता येत नाही हे गाउसने १८२७ साली सिद्ध केले. मग या कोष्टकात काही तरी विकृत झाले असलेच पाहिजे. आक्षेप विद्वत्तेचा आहे, पण अप्रस्तुत आहे. गाउसचा सिद्धांत अंतरांविषयी आहे, आणि मास्टरबॉलमध्ये अंतर नावाची गोष्टच नाही. कोणता तुकडा कोणत्या घरात आहे, एवढेच त्यात आहे. नकाशा काढणाऱ्यास ध्रुवप्रदेश फुगल्याचे जे दुःख होते, ते येथे होण्याचे कारण नाही. किंबहुना कोष्टक असे दाखवून देते की मास्टरबॉल तत्त्वतः गोल नाहीच. गोलाई ही त्याच्या यंत्ररचनेची सोय आणि त्याचा पोशाख. मूळ वस्तूने झाकलेले तिचे स्वरूप भाषांतराने उघड करावे, असा हा दुर्मीळ प्रसंग आहे.

गणनेचेही तसेच. ध्रुवांलगतच्या १६ तुकड्यांत प्रत्येक रंगाचे दोन. म्हणून त्यांच्या मांडण्या १६! भागिले २ चा आठवा घात, म्हणजे ८१,७२,९६,४८,००० होतात. मधल्या तुकड्यांच्याही तितक्याच. पुनरावृत्त अंकांच्या मांडण्या मोजण्याचा हा नियम भास्कराचार्यांनी ११५० सालच्या लीलावतीत अंकपाश प्रकरणी दिला आहे. हे विद्यार्थ्यांस सांगितले की त्यांचे चेहरे उजळतात, आणि तेवढ्यापुरता वर्ग जागा होतो. दोन्ही संख्यांचा गुणाकार २२ अंकी येतो. यांतील प्रत्येक मांडणी साध्य आहे, कारण प्रत्येक कड्याची एक फेर ही आठांचे चक्र असून विषम आहे, आणि ध्रुवीय व मध्य तुकड्यांच्या समविषमतेत कोणतेही बंधन उरत नाही. पूर्ण सिद्धता अर्थात याहून लांब आहे.

कोष्टकाचा खरा उपयोग कॉम्युटेटर शिकविताना कळतो. स्तंभ १ ते ४ यांचा चौकोन घ्या. वरची ओळ एक घर उजवीकडे सरकवा, चौकोन उलटवा, वरची ओळ एक घर डावीकडे आणा, तोच चौकोन पुन्हा उलटवा. मधल्या दोन ओळींत दोन उलटण्या एकमेकींस खोडतात, म्हणून ते १६ तुकडे जागच्या जागी राहतात. ध्रुवीय १६ पैकी ७ हलत नाहीत. उरलेले ९ एकाच चक्रात फिरतात : वरच्या ओळीतील आठव्या घरातून पहिल्यात, तेथून क्रमाने चौथ्यात, तेथून खालच्या ओळीच्या पहिल्या घरात, मग क्रमाने चौथ्यात, आणि तेथून परत वरच्या आठव्यात. चेंडू हातात धरून हे पाहणे जवळजवळ अशक्य आहे, कारण बिघडलेले तुकडे दोन्ही ध्रुवांस विखुरलेले असतात. कोष्टकात ते एका दृष्टिक्षेपात दिसते. त्यातही रंगांऐवजी १ ते ३२ क्रमांक लिहिले, तर एकाच रंगाचे दोन तुकडेही वेगळे ओळखू येतात. ही सोय मूळ चेंडूत नाही. या कारणास्तव प्रस्तुत लेखकाने चेंडू कपाटात ठेवला आणि कोष्टकास मूळ कोड्याचा निर्दोष पर्याय ठरविले. हा निर्णय घाईचा होता.

अंतर्गत परीक्षेत वरचीच कृती देऊन किती तुकड्यांचे स्थान बदलते, असे विचारले होते. अपेक्षित उत्तर ९. एका विद्यार्थिनीने ३१ लिहिले आणि खाली तक्ता जोडला. लेखकाने तो न वाचता फुली मारली. ती नंतर भेटली आणि तिने शांतपणे तक्ता पुढे ठेवला, तेव्हा तो घरोघर तपासावा लागला. आणि तो बिनचूक निघाला. प्रश्नात फक्त 'अर्ध उलटवा' असे शब्द होते. तिने पहिल्या वेळी डावा अर्ध, म्हणजे स्तंभ १ ते ४, आणि दुसऱ्या वेळी उजवा, स्तंभ ५ ते ८, उलटविला होता. तसे केल्यास वरच्या ओळीतील चौथा तुकडा तेवढा आपल्या घरी परततो. बाकी ३१ परके होतात. तिला विचारले की असे का केले, तर ती म्हणाली, "सर, चेंडू हातात असता तर दोन्ही सारखंच ना?"

तिचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. डावा अर्ध उलटविणे आणि उजवा अर्ध उलटविणे यांत फरक आहे तो संपूर्ण चेंडू एकदा हातात पालथा करण्याइतकाच. डावा हात स्थिर धरून उजवा वळविला काय किंवा उजवा धरून डावा वळविला काय, चेंडूला त्याचा पत्ता नसतो. तिने मिळविलेली मांडणी पालथी धरली की नेमके ते नऊ तुकड्यांचे चक्र समोर येते. म्हणजे ९ हे उत्तर चेंडूचे, ३१ हे उत्तर कोष्टकाचे. आणि लेखकाने कोष्टक शिकवून चेंडूच्या उत्तराची अपेक्षा केली होती.

रुबिकच्या घनाबाबत असा घोटाळा सहसा होत नाही, आणि त्याचे कारण मननीय आहे. घनाच्या सहा पृष्ठांचे मध्यतुकडे एकमेकांच्या सापेक्ष कधीच जागा बदलत नाहीत. डेव्हिड सिंगमास्टर यांनी रूढ केलेल्या संकेतलिपीत वर, खाली, उजवे, डावे, पुढचे, मागचे अशी पाहणाऱ्याच्या दृष्टीने नावे दिलेली असली, तरी ती नावे निर्धोकपणे चालतात ती या सहा खुंट्यांच्या आधारावर. मास्टरबॉलमध्ये एकही तुकडा खुंटीसारखा नाही. बत्तीसच्या बत्तीस फिरते आहेत. वर कोणते आणि डावे कोणते, हे चेंडू सांगत नाही. ते धरणारा हात सांगतो. कोष्टकाने हाताचे हे काम नकळत आपल्याकडे घेतले आणि पहिल्या ओळीस कायमचे 'वर' ठरवून टाकले. वर दिलेली २२ अंकी संख्याही या दृष्टीने कोष्टकाचीच संख्या आहे. चेंडू स्वतःभोवती आठ प्रकारे फिरतो आणि पालथाही होतो, म्हणून एकाच चेंडूच्या १६ धारणा होतात. त्या एकच मानल्या तर संख्या जवळजवळ सोळाव्या हिश्शावर येते. तरीही ती घनाच्या मांडण्यांच्या सुमारे दहापट असते, ही गोष्ट निराळी.

येथे चित्ररूप आवृत्त्यांस त्यांचे श्रेय देणे न्याय्य होईल. त्यांपैकी बऱ्या आवृत्तींत चेंडूबाहेरची मोकळी जागा धरून ओढले की सबंध चेंडू वळतो, आणि ती खेळी म्हणून मोजली जात नाही. पाहणाऱ्याची हालचाल वेगळी आणि कोड्याची वेगळी, हा भेद त्या बिनबोभाट पाळतात. वर्गात वापरलेल्या कोष्टक-आवृत्तीत त्यासाठी कळच नव्हती. 'डावा अर्ध' आणि 'उजवा अर्ध' अशा दोन कळा होत्या, आणि खेळ्यांच्या मोजणीत दोन्ही सारख्याच किमतीच्या. सबंध गोल पालथा करण्याची एक विनामूल्य कळ दिली असती, तर हा लेख लिहावा लागला नसता.

खेळी मागे घेण्याच्या सोयीविषयीही दोन शब्द. चेंडूवर तासाभराचे काम एका विसरलेल्या वळणाने वाया जाते. संगणकावर एक कळ दाबली की ते परत येते. ही सोय विद्यार्थ्यास धीट करते, तो नवनव्या कृती करून पाहतो, हे लेखकाने प्रत्यक्ष पाहिले आहे. पण कृतीची व्यस्त कृती उलट क्रमाने करावी लागते, ही गटाच्या अभ्यासातली पहिली शिकवण त्याला त्या कळीमागे कोणी तरी आयती करून ठेवलेली असते. चेंडू ती फुकट देत नाही.

आणखी एक व्यावहारिक बाब. अशा कोड्यांच्या पुष्कळ जुन्या आवृत्त्या ब्राउझरच्या आत चालणाऱ्या जावा कार्यक्रमांच्या रूपात होत्या. २०१५ ते २०१७ या काळात प्रमुख ब्राउझरांनी त्यांचा आधार काढून घेतला आणि त्या निर्जीव झाल्या. लेखकाच्या टिपणांत वाखाणलेल्या दोन आवृत्त्या आज उघडत नाहीत. कपाटातला चेंडू मात्र, थोडा घट्ट झाला असला तरी, फिरतो.

त्या उत्तरपत्रिकेवरील फुली खोडली आहे आणि पूर्ण गुण दिले आहेत. पुढील सत्राच्या प्रश्नात 'तोच अर्ध' असे शब्द घालावेत, की ते मुद्दाम गाळून दोन्ही उत्तरांचा परस्परसंबंध विचारावा, याविषयी विभागातील सहकाऱ्यांत अद्याप एकमत नाही. प्रस्तुत लेखकाचा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, आणि परीक्षेच्या दालनात प्रत्येक बाकावर एक चेंडू असावा, असाही त्याचा आग्रह राहील.