क्रांती आणि कात्री

आपल्याकडे सोव्हिएत मूकपटांची चर्चा 'बॅटलशिप पोटेमकिन'मधल्या ओडेसाच्या पायऱ्यांपाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच थांबते. मला मात्र त्यानंतरचे तीन मूकपट एकत्र पाहणे अधिक महत्त्वाचे वाटते. १९१७च्या दोन्ही क्रांत्यांना १९२७ साली दहा वर्षे झाली, त्या निमित्ताने ते तयार झाले. तिघांचेही मुख्य हत्यार एकच होते: संकलकाची कात्री.

एस्फिर शुब यांनी 'रोमानोव्ह घराण्याचा पाडाव'साठी नवा प्रसंग रचला नाही. परदेशी चित्रपट सोव्हिएत प्रेक्षकांसाठी कापून-जोडून देणे हे त्यांचे आधीचे काम. इथे त्यांनी जुने वृत्तपट आणि झारच्या घरची चित्रणे धुंडाळली. जहाजावर उमराव मंडळी नाचतात आणि घाम पुसतात. लगेच खंदक खोदणारे मजूर घाम पुसताना दिसतात. उमरावांच्या हौसेसाठी टिपलेले दृश्य त्यांच्याविरुद्धची साक्ष होते. या जोडणीतला अर्थ शुब यांचा आहे, पण दोन्हीकडची माणसे खरी आहेत.

पुदोव्किनच्या 'सेंट पीटर्सबर्गचा अंत'मध्ये पोट भरायला शहरात आलेला खेडूत तरुण आहे. युद्धाच्या भागात खंदकात मरणारे सैनिक आणि शेअर बाजारातली झुंबड आलटून पालटून येतात. एवढी जोडणी पुरते, भाषण लागत नाही. शेवटी कामगाराची बायको बादलीतले बटाटे थकल्या-जखमी सैनिकांना वाटते आणि रिकामी बादली घेऊन झारच्या राजवाड्याचा जिना चढते. क्रांतीचे इतके घरगुती आणि इतके नेमके चित्र मला दुसरे आठवत नाही.

आयझेनस्टाइनचा 'ऑक्टोबर' या दोहोंहून भव्य. केरेन्स्कीला मोराशेजारी बसवणारी जोडणी, उचलल्या जाणाऱ्या पुलावरून लोंबकळणारा मेलेला पांढरा घोडा, हे विसरता येत नाही. हिवाळी राजवाड्यावरचा हल्ला मात्र प्रत्यक्षात फारशा रक्तपाताविना झाला होता. पडद्यावर तो महायुद्धासारखा दिसतो, आणि पुढे हीच दृश्ये अस्सल चित्रण म्हणून माहितीपटांत वापरली गेली. लेनिनच्या भूमिकेत निकांद्रोव्ह हा लेनिनसारखा दिसणारा कामगार उभा केला, यावर मायकोव्हस्की उघडपणे संतापले होते. त्यांचा राग मला रास्त वाटतो. तोतया नेता एकदा चालून गेला, की तोतया इतिहासही चालून जातो.

नोव्हेंबर १९२७मध्ये ट्रॉट्स्कीची पक्षातून हकालपट्टी झाली. उठावाच्या वेळी पेत्रोग्राद सोव्हिएतचा अध्यक्ष असलेल्या या माणसाची बहुतेक दृश्ये कापावी लागली आणि चित्रपट १९२८मध्ये सर्वत्र झळकला. दोन दृश्ये जोडली की तिसरा अर्थ जन्मतो, हा आयझेनस्टाइनचा सिद्धान्त. एखादे दृश्य काढले तरीही अर्थ जन्मतो, हे सत्तेला तेव्हाच कळले होते.

म्हणून क्रांतीने काय उलथले ते शुबकडे पाहावे, तिने कोणते वचन दिले ते पुदोव्किनकडे, आणि त्या वचनाचे पुढे काय होणार होते ते 'ऑक्टोबर'मध्ये. तो पाहताना पडद्यावरच्या गर्दीइतकेच तिथून पुसलेल्या माणसाकडेही लक्ष असावे.