शल्यवैद्याची श्रद्धा आणि चरित्रकाराची भाषा

चरित्रनायकाचे कर्तृत्व सांगणे चरित्रकाराला फारसे जड जात नाही. त्याची श्रद्धा सांगताना मात्र लेखणी अडखळते. कर्तृत्वाला तारखा असतात, इमारती असतात, साक्षीदार असतात. श्रद्धेला असा आधार क्वचितच मिळतो. चरित्रनायक ख्रिस्ती मिशनरी आणि त्यातही शल्यवैद्य असला, तर ही अडचण दुणावते. त्याच्या शस्त्राचा गुण सर्वांना दिसतो. पण ज्या प्रेरणेने त्याला घरदार सोडावयास लावले, तिच्याविषयी वाचकाच्या मनात आदर आणि संशय एकदमच उभे राहतात. मराठी वाचकापुरते बोलावयाचे तर या प्रश्नाचे अगदी जवळचे उदाहरण म्हणजे मिरजेचे सर विल्यम जेम्स वॉन्लेस.

वॉन्लेस यांचा जन्म १८६५ साली कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात झाला. न्यूयॉर्क येथे वैद्यकाचे शिक्षण संपवून १८८९ साली ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर म्हणून दक्षिण महाराष्ट्रात आले. १८९४ साली मिरजेचे रुग्णालय उभे राहिले आणि १८९७ साली त्याला जोडून वैद्यकाची शाळा निघाली. १९२८ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला, त्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि १९३३ साली वारले. मिरज आणि सांगली यांच्या मध्ये क्षयरोग्यांसाठी जे आरोग्यधाम उभे राहिले, त्याच्या परिसराला लोक वानलेसवाडी म्हणू लागले. परक्या आडनावाला 'वाडी' जोडून ते आपलेसे करणे, ही आपल्या भाषेने दिलेली पावती किताबापेक्षा मोलाची आहे.

या आयुष्याविषयी इंग्रजीत दोन ग्रंथ आहेत. एक स्वतः वॉन्लेस यांचा, १९३२ सालचा. दुसरा त्यांच्या पत्नी लिलियन एमरी वॉन्लेस यांचा, १९४४ सालचा. दोहोंची नावे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. पहिल्याच्या नावाचा अर्थ 'भारतात काम करीत असलेला एक अमेरिकन डॉक्टर' एवढाच होतो. दुसऱ्याच्या नावात मात्र चरित्रनायक 'प्रभूचे नस्तर' झालेला आहे. स्वतःविषयी बोलताना माणूस कामाचे नाव घेऊन थांबतो. त्याच्या मागे राहिलेले माणूस त्या कामावर श्रद्धेची मुद्रा उमटवते. पत्नीच्या भक्तिभावाला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु वाङ्मयीन दृष्टीने पाहता या रूपकात एक धोका आहे. नस्तराला मन नसते. ते निवड करीत नाही, चुकत नाही, रोगी दगावला म्हणून रात्रभर जागत नाही. शल्यवैद्य हे सारे करतो. चरित्रनायकाला ईश्वराच्या हातातील हत्यार म्हटले की त्याच्या अंतःकरणाचा इतिहास लिहिण्याची जबाबदारी आपोआप टळते. आणि चरित्र म्हणजे तर तोच इतिहास.

याच्या उलट टोकाची चूक आपल्या मराठी गौरवलेखनात होते. तेथे मिशनरी डॉक्टर हा केवळ थोर समाजसेवक होतो. त्याचे रुग्णालय राहते, शस्त्रक्रिया राहतात. ज्याच्या नावाने त्याने हे केले तो ख्रिस्त तेवढा गाळला जातो. हा शिष्टाचार वरवर उदार दिसतो, पण ज्याला माणूस आपल्या जीवनाचा गाभा समजत होता तो काढून घेऊन उरलेल्याला हार घालणे, हा त्याचा सन्मान नव्हे.

या मौनामागे एक खरा प्रश्न दडलेला आहे. मिशनच्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेपूर्वी प्रार्थना करण्याची रीत होती. मेजावर पडलेला, वेदनेने आणि भीतीने गांजलेला रोगी त्या प्रार्थनेला नको म्हणू शकत होता काय? रुग्णसेवेचा उपयोग धर्मांतरासाठी करण्याला गांधीजींनी १९३१ साली उघड विरोध केला. पुढे मध्यप्रदेश सरकारने १९५४ साली न्यायमूर्ती नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, आणि १९५६ च्या अहवालात तिने अशा उपयोगाला बंदी घालण्याची शिफारस केली. जबलपूरजवळच्या खमरियात बसून लिहिणाऱ्याला हा वाद दूरचा वाटत नाही. ज्या राज्यात तो पेटला तेथीलच हे गाव. वॉन्लेस यांच्या चरित्रकारानेही तो टाळता कामा नये. प्रार्थना रोग्यासाठी होती, की ज्याचा हात कापू नये अशा शल्यवैद्यासाठी होती, की दोघांसाठी, हे विचारल्यावाचून त्याचे काम पुरे होत नाही.

भाषांतरकाराला हाच प्रश्न शब्दांच्या रूपाने भेटतो. नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये 'तारणे' आणि 'बरे करणे' या दोन्ही अर्थांनी एकच क्रियापद येते. मराठीला दोहोंपैकी एक निवडावे लागते. पंडिता रमाबाईंसारख्या विदुषीने मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणताना अशा किती ठिकाणी विचार केला असेल, याची कल्पना भाषांतराचा धंदा करणारालाच येईल. 'विश्वास' आणि 'श्रद्धा' यांचेही तसेच. मराठी ख्रिस्ती माणूस 'विश्वास' म्हणतो. त्यात एका व्यक्तीवर भार टाकण्याचा भाव आहे. इतरांच्या तोंडी 'श्रद्धा' येते. तिच्यात परंपरेचा ओलावा आहे. मिशनरी शल्यवैद्याचे जीवन या दोन क्रियापदांच्या मधल्या फटीत घडलेले असते. त्याच्या लेखी बरे करणे आणि तारणे एकच. रोग्याच्या लेखी ती निराळी. हे अंतर बुजवणारे चरित्र प्रचार होते; ते दाखवणारे चरित्र साहित्य होते.

ते दाखवता येते, याचे प्रत्यंतर डॉ. पॉल ब्रँड यांच्याविषयीच्या लेखनात मिळते. १९४६ साली ते वेल्लोरला आले आणि कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करू लागले. रोग्यांची बोटे रोगाने सडून गळतात हा समज त्यांना निरीक्षणाअंती टिकेना. स्पर्श आणि वेदना हरपल्यामुळे झालेल्या जखमा रोग्याला कळत नाहीत आणि त्यांतून बोटे जातात, असे त्यांना आढळले. वेदना ही देणगी आहे, हा विचार त्यांच्या लेखनात तेथून आला. देणाऱ्याविषयी वाचकाचे मत काहीही असो, या विचाराची वाट त्याला पावलापावलाने दिसते. श्रद्धा येथे कामावर मारलेला शिक्का नसून कामातूनच निघालेली असते.

आपल्या भाषेत लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त वेगळ्या क्षेत्रात हेच केले. सोवळ्याओवळ्यात मुरलेल्या मनात झालेला पालट त्यांनी प्रवचनाने सांगितला नाही; कुणाच्या हातचे पाणी प्यावे या घरगुती प्रश्नातून तो उभा केला. मराठीत मिशनरी शल्यवैद्याचे चरित्र लिहावयाचे तर हा आदर्श घरातच आहे.

त्या दृष्टीने मिरजेकडे पाहिले तर मला १८९७ सालची ती शाळा रुग्णालयापेक्षाही बोलकी वाटते. मिशनच्या कामाला डॉक्टर मिळावेत हा तिचा हेतू होता. तो झाकण्याचे कारण नाही. पण जो स्वतःला प्रभूचे एकमेव नस्तर मानतो तो शाळा काढीत नाही. आपले कसब दुसऱ्याच्या, तेही ज्यांच्या देशात आपण परके आहोत त्यांच्या, हातात देण्यासाठी आपल्यावाचून काम चालेल हे मान्य करावे लागते. वॉन्लेस यांचा विश्वास कोठे शोधावा असे कोणी विचारले, तर मी शस्त्रक्रियेपूर्वीच्या प्रार्थनेआधी, विद्यार्थ्याच्या हाती शस्त्र देऊन एक पाऊल मागे सरणाऱ्या शिक्षकाकडे बोट दाखवीन. चरित्रकाराने आपली भाषा तेथून सुरू करावी.