विम्याच्या पोथीचं रसग्रहण

मराठी समीक्षकांनी एका वाङ्मयप्रकाराची फार उपेक्षा केली आहे. मोटारीच्या विम्याची पॉलिसी हा तो प्रकार. एखाद्या कवितासंग्रहाच्या दोनशे प्रती निघतात, त्यातल्या दीडशे कवीच वाटतो, तरी त्याच्यावर परिसंवाद झडतात. इथे दरवर्षी नवी आवृत्ती निघते, ती विकत घेतली नाही तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे शिक्षा होते, आणि एवढं असूनही ती शेवटच्या पानापर्यंत वाचलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

ती वाचायची पाळी माझ्यावर आली आमच्या साडूभाऊंमुळे. ते अमरावतीचे, मी अकोल्याचा. मी कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालो. ते निवृत्त झाले आणि मोटारीत गुंतले. त्यांच्याकडे १९६६ सालची स्टँडर्ड हेरल्ड आहे, दोन दारांची. तिला ते स्पोर्ट्स कार म्हणतात. का, म्हणून विचारलं तर वंशावळ सांगतात : ही गाडी आखली जोव्हानी मिकेलोत्ती नावाच्या इटालियन माणसाने, आणि हिच्याच सांगाड्यावरून इंग्लंडात १९६२ साली ट्रायम्फ स्पिटफायर ही अस्सल स्पोर्ट्स कार निघाली. तेव्हा नात्याने आमची ही तिची थोरली बहीण झाली की नाही? नाती जोडण्यात वऱ्हाडी माणसाचा हात कुणी धरू नये. गाडी मद्रासची, इंजिन ९४८ सीसीचं. खरं वैभव बोनेटात. ते दोन्ही मडगार्डांसकट एकाच तुकड्यात पुढे उघडतं, मगरीने जबडा वासावा तसं. मिस्त्री पुढच्या चाकावर टेकून, एका हातात चहा घेऊन काम करू शकतो.

तर साडूभाऊ दोन कागद घेऊन आले. एक विम्याची पॉलिसी, दुसरं गाडी रस्त्यात बंद पडली तर मदत पाठवणाऱ्या योजनेचं रंगीत पत्रक. म्हणाले, "तुम्ही एम.ए.च्या पोरांना काव्यशास्त्र शिकवलं. ह्यातलं डावं-उजवं तेवढं सांगून द्या."

आधी पॉलिसी. कंपनी कोणतीही असो, मूळ संहिता एकच असते. १ जानेवारी १९७३ ला राष्ट्रीयीकरणाने १०७ विमा कंपन्यांच्या चार कंपन्या केल्या, २००० नंतर पुन्हा खाजगी कंपन्या आल्या, २००७ पासून दरही मोकळे झाले. पण गद्य २००२ च्या मोटार टॅरिफमधलंच राहिलं. सुरुवात थेट महाकाव्याची. आग, स्फोट, वीज, घरफोडी, दंगल, संप, भूकंप, महापूर, चक्रीवादळ, गारपीट, दरड, हिमतुषार. हो, हिमतुषारसुद्धा! मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जाणाऱ्या अकोल्यात आमच्या गाड्यांना थंडीच्या कडाक्यापासून संपूर्ण संरक्षण आहे. गाडी रेल्वेने, विमानाने, नदीतून किंवा लिफ्टमधून नेत असताना काही झालं तरी भरपाई मिळते. आमच्या मोर्णेतून उन्हाळ्यात कागदाची होडी जायची मारामार, पण सोय आहे. जादा पैसे भरले तर हे छत्र नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीवपर्यंत वाढवता येतं. हेरल्डने मालदीवला कसं जायचं हे पॉलिसीत नाही. साडूभाऊंना बडनेरा ओलांडतानाच देव आठवतात.

पण महाकाव्यात नायकाच्या टाचेत कुठे तरी बाण लागायचा असतो. पुढच्याच पानावर एक बारीक वाक्य आहे : झीज, घसारा, यांत्रिक किंवा विजेच्या भागातला बिघाड यांची जबाबदारी कंपनी घेत नाही. आता सांगा, साठीच्या घरातल्या गाडीला दुसरं काय होतं? बोरगाव मंजूजवळ दुपारी दोनला रेडिएटर उकळला, तर ते हिमतुषारात बसत नाही. गाडी ओढून नेण्यासाठी पॉलिसीत १५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे, पण तीही अपघाताच्याच वेळी. नुसती बंद पडलेली गाडी टोचन लावून न्यायची तर खर्च आपला. म्हणजे बंद पडण्यापूर्वी तिने सभ्यपणे एखाद्या बाभळीला धडकून घ्यावं, अशी अपेक्षा दिसते.

घसाऱ्याचं परिशिष्ट मात्र मला वाङ्मयीन दृष्ट्या फार आवडलं. दहा वर्षांवरच्या गाडीच्या लोखंडी भागांचे निम्मे पैसे कापतात. रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांचेही निम्मे, फायबरचे तीस टक्के. काचेचं काहीच कापत नाहीत. पोलाद झिजतं आणि काच अजरामर! क्षणभंगुरतेसाठी काचेची उपमा देणाऱ्या आमच्या सगळ्या कवींनी हे परिशिष्ट एकदा वाचायला हवं.

इथवर गंमत झाली. खरी गोम पहिल्या पानावरच्या एका आकड्यात आहे. गाडीची जाहीर किंमत हा तो आकडा. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला तो कोष्टकातून मिळतो. त्यापुढे कोष्टक गप्प बसतं, आणि कंपनीने व मालकाने आपसांत ठरवायचं असतं. एजंटाने आपसांत ठरवून तीस हजार लिहून आणले होते. हप्ता कमी बसला म्हणून साडूभाऊ खूश. मी त्यांना खालचं कलम वाचून दाखवलं : दुरुस्तीचा खर्च ह्या आकड्याच्या पंचाहत्तर टक्क्यांवर गेला, की गाडी पूर्ण गेली असं समजायचं. म्हणजे साडेबावीस हजारांच्या वर खर्च गेला की हेरल्डचं तेरावं. आणि समोरून एखादी बैलगाडी जरा जोरात लागली, तर एकाच तुकड्यातलं ते मगरीचं बोनेट किती हजारांत नीट होईल? ज्या बोनेटाचा एवढा तोरा, तेच तिला भंगारात घालणार. हे ऐकून साडूभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. एरवी ते बशी संपेपर्यंत थांबत नाहीत.

म्हणून समीक्षक ह्या नात्याने माझा अभिप्राय असा, की जुन्या गाडीच्या पॉलिसीत वाचण्यासारखी ओळ हीच. फोटो, दुरुस्तीची बिलं, मूल्यमापकाचा दाखला समोर टाकून हा आकडा भांडून वाढवावा. बाकीचं महाकाव्य विरंगुळ्यासाठी आहे.

ह्यावर साडूभाऊंना 'व्हिंटेज'ची सवलत आठवली. टॅरिफच्या लेखी व्हिंटेज म्हणजे १९४० संपण्यापूर्वी बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाचा दाखला असलेली. तिला स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात पंचवीस टक्के सूट. परिवहन खात्याच्या २०२१ च्या नियमात मात्र पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज. म्हणजे आमची हेरल्ड आरटीओत म्हातारी आणि विम्याच्या ऑफिसात उपवर. तशी नोंदणी केली तर २०२२ च्या दराप्रमाणे थर्ड पार्टीचे २०९४ चे १०४७ होतात. त्यासाठी नोंदणीचे वीस हजार भरायचे, दहा वर्षांसाठी. शिवाय मग गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. मुंजीला अकोल्याला येणं ह्यात कुठे बसतं? साडूभाऊ म्हणाले, "दुरुस्तीत बसते नं!" आणि त्यांच्या बाबतीत ते खरं आहे.

आता दुसरी संहिता. हिची शैली नवकवितेची : पांढरी जागा भरपूर, शब्द थोडे, एक हसरी बाई. पंक्चर काढून देऊ, बॅटरी चालू करून देऊ, पेट्रोल आणून देऊ, गाडी जवळच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये पोचवू. पॉलिसीत आपत्तींची यादी लांब, हिच्यात उपकारांची. पॉलिसीने जे टाकलं तेच ही उचलते, म्हणून मी आशेने शेवटपर्यंत गेलो. तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत : गाडी दहा वर्षांच्या आतली हवी. म्हणजे ज्या वयात गाडी बंद पडत नाही, त्या वयात मदत. आणि वयाची अट काढली तरी पंचाईत आहेच. हेरल्ड काढणाऱ्या मद्रासच्या कंपनीने १९८८ च्या सुमारास मोटारी करणंच थांबवलं. तिचं अधिकृत वर्कशॉप शोधायला टोचन कुठपर्यंत न्यायचं?

ह्या बाबतीत जुन्या मोटार संघटनांची रीत मला बरी वाटते. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ ची. टॅरिफातसुद्धा मान्यताप्राप्त संघटनेच्या सभासदाला पाच टक्के सूट होती, फार तर दोनशे रुपये. रक्कम चहापाण्याची, पण दोन्ही संहितांनी एकमेकींकडे पाहिलेली मला दिसलेली ही एकच जागा.

खरं तर अमरावती-अकोला रस्ताच वर्षानुवर्षं असा होता की कुठलीच संहिता पुरली नसती. जून २०२२ मध्ये त्याच रस्त्यावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं आणि गिनीज बुकात नाव गेलं. तेव्हापासून हेरल्ड धक्क्याने बंद पडत नाही, स्वतःच्या मर्जीने पडते. बहुधा मूर्तिजापूरजवळ. शकुंतला रेल्वेचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत चालवलेल्या त्या गावात जुन्या यंत्राचा कुणाला धाक वाटत नाही. तिथल्या मिस्त्रीला साडूभाऊंनी एकदा ते रंगीत पत्रक दाखवलं. त्याने हातही न पुसता ते परत केलं. "काका, हे कायले दाखवता? बोनट उघडा. हिले काही नाई झालं, तापली हाय बिचारी. सावलीत घ्या." तासाभराने पाणी घातलं, दीडशे रुपये घेतले, गाडी चालू. ना वयाची अट, ना बारीक अक्षर. एक उणीव आहे : रविवारी तो सासुरवाडीला जातो.

पत्रक साडूभाऊंनी परत केलं. पॉलिसीच्या आकड्यावरून एजंटाशी तीन बैठका झाल्या, फोटो दाखवून झाले, मिकेलोत्तीचं नाव पाच वेळा निघालं, आणि गाडी एक लाख ऐंशी हजारांवर थांबली. हप्ता अर्थातच वाढला. तो किती वाढला हे मेहुणीबाईंना कुणी सांगायचं, एवढंच अजून आपसांत ठरायचं आहे.