संगीतनिर्माता : बिदागी आणि वाटा

'निर्माता' हा शब्द मराठीत मुख्यतः चित्रपटाच्या मार्गाने रूढ झाला. चित्रपटाचा निर्माता म्हणजे भांडवल घालणारा, माणसे जमविणारा आणि नफ्यातोट्याचा धनी. कथा त्याने लिहिलेली असावी वा चाल त्याने बांधलेली असावी, अशी अपेक्षा कोणीही करीत नाही. संगीताच्या क्षेत्रात मात्र गेल्या दोन-तीन दशकांत हा शब्द जवळजवळ उलट अर्थाने वापरला जाऊ लागला आहे. घरातील एका खोलीत संगणकासमोर बसून ताल, स्वरमेळ, वाद्यांचे आवाज आणि अंतिम ध्वनिमिश्रण एकहाती सिद्ध करणारा तरुण आज स्वतःला संगीतनिर्माता म्हणवितो. भांडवल त्याच्यापाशी बहुधा नसते. श्रम आणि कसब एवढेच असते. कायद्याची व्याख्या या दोहोंहून निराळी आहे. १९५७ च्या भारतीय स्वामित्वहक्क कायद्याच्या आजच्या स्वरूपात ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ते तयार करण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती होय, आणि हीच व्यक्ती त्या ध्वनिमुद्रणाची कर्ता मानली आहे. स्वतंत्र संगीतनिर्मात्याने पोट कसे भरावे, हा प्रश्न सामान्यतः बाजाराचा म्हणून मांडला जातो. वस्तुतः त्याचा उगम या शब्दाच्या गोंधळातच आहे.

या प्रश्नाची जुनी आणि सर्वांना ठाऊक असलेली मांडणी १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या चित्रपटसृष्टीत झाली. ध्वनिमुद्रिकेच्या विक्रीत गायकालाही वाटा मिळाला पाहिजे, असा आग्रह लता मंगेशकर यांनी धरला. ठरलेले मानधन हाती पडले की गायकाचा त्या गीतावरील हक्क संपतो, अशी मोहम्मद रफी यांची धारणा होती. मतभेद इतके विकोपास गेले की काही वर्षे या दोघांची युगुलगीतेच ध्वनिमुद्रित झाली नाहीत. हा प्रसंग वृत्तपत्री सदरांत दोन मोठ्या कलावंतांच्या रुसव्याफुगव्यांची कथा म्हणून सांगितला जातो, आणि तेथेच त्याची हानी होते. रफींची भूमिका औदार्याची होती, यात शंका नाही. परंतु तिच्यामागे एक विशिष्ट अर्थव्यवस्था गृहीत धरलेली आहे. ती मैफलीची होय. मैफलीत गायन संपते तेव्हा वस्तूही संपते. श्रोत्यापाशी तिची प्रत उरत नाही, म्हणून बिदागी दिली की हिशेब पुरा होतो. ध्वनिमुद्रणाने हा संबंध तोडला. गायक घरी गेल्यावरही त्याचा आवाज विकला जात राहिला. लताबाईंची मागणी हा या नव्या वस्तुस्थितीचा तर्कशुद्ध परिणाम होता, तर रफींचे उत्तर हे जुन्या नीतीचे नव्या यंत्रावर केलेले आरोपण होते. रफींच्या बाजूने सहानुभूती वाटणे स्वाभाविक आहे. तर्क मात्र त्या बाजूस नाही.

तथापि या वादात दोन्ही पक्ष नामवंत होते. ज्याच्या मागणीची चर्चाही झाली नाही असा तिसरा पक्ष त्याच ध्वनिमुद्रणगृहात बसलेला होता, आणि आजच्या संगीतनिर्मात्याचा खरा पूर्वज तोच आहे. हा पक्ष म्हणजे वाद्यवृंदाचा संयोजक. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत मुंबईच्या चित्रपटसंगीतातील हे काम फार मोठ्या प्रमाणावर गोमंतकीय वादकांनी केले. शंकर-जयकिशन यांच्या गीतांचे भव्य वाद्यसंयोजन सेबॅस्टियन डिसोझा यांचे होते. अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेले अंतोनियो झेवियर वाझ ही आणखी काही नावे. संगीतदिग्दर्शक पेटीवर चाल सांगे. ती ऐकून व्हायोलिनचे ताफे कोठे उठावेत, दोन कडव्यांमधील संगीत काय असावे, तुतारीसारखे पितळी वाद्य कोणत्या क्षणी यावे, हे संयोजक कागदावर स्वरलिपीत उतरवी. श्रोत्याच्या स्मरणात गीताची जी मुद्रा उमटते तिचा फार मोठा भाग या कागदांवर होता. मोबदला कामागणिक मिळे. श्रेयनामावलीत नाव कधी 'साहाय्यक' म्हणून येई, कधी येतच नसे. ग्रेगरी बूथ यांनी 'बिहाइंड द कर्टन' या २००८ सालच्या ग्रंथात या वादक-संयोजकांच्या मुलाखतींच्या आधारे हे जग तपशिलाने उभे केले आहे. त्यांचा भर श्रमाच्या संघटनेवर आणि स्टुडिओच्या कार्यपद्धतीवर आहे. मालकीच्या प्रश्नाची तड त्या ग्रंथात लागत नाही.

ती तड लावावयाची तर कायद्याच्या शब्दांकडेच जावे लागते, आणि तेथे एक विलक्षण विसंगती दृष्टीस पडते. १९५७ च्या मूळ कायद्यात 'संगीतकृती'ची जी व्याख्या होती तीनुसार स्वरावली किंवा स्वरमेळ हा छापलेला, लिहिलेला अथवा अन्य प्रकारे रेखांकित केलेला असणे आवश्यक होते. ज्या देशात संगीताची विद्या प्राधान्याने गुरुमुखातून आली, बंदिशी कंठात राहिल्या आणि भातखंडे-पलुसकरांना स्वरलिपीचा आग्रह धरण्यासाठी उभे आयुष्य वेचावे लागले, त्या देशाने संगीताचे अस्तित्व कागदावर अवलंबून ठेवावे, हा परकीय नमुन्याच्या अनुकरणाचा परिणाम होय. परंतु विसंगती एवढ्यावर थांबत नाही. मुंबईच्या स्टुडिओत प्रत्यक्ष कागदावर संगीत लिहिणारा माणूस संयोजक होता, आणि त्याचे लेखन मात्र कायद्याच्या दृष्टीने मूळ कृतीचे 'रूपांतर' ठरत होते. रूपांतर करण्याचा अधिकार मूळ कृतीच्या मालकाचा. मालक कोण? १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने भारतीय परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या प्रकरणात याचे उत्तर दिले : मोबदला देऊन चित्रपटासाठी संगीत करवून घेतले असेल आणि उलट करार नसेल, तर प्रथम मालक चित्रपटनिर्माता होय. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालास जोडलेल्या टिपणात गायकाला कायद्यात स्थान नसल्याकडे लक्ष वेधून संसदेने विचार करावा असे सुचविले. संयोजकाचा विचार तेथेही झालेला नाही.

पुढील दुरुस्त्यांनी बरेच काही सुधारले. १९९४ साली संगीतकृतीच्या व्याख्येतील लेखनाची अट गेली आणि प्रयोगकर्त्याचा हक्क प्रथमच मान्य झाला. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटात वा ध्वनिमुद्रणात समाविष्ट झालेल्या संगीताच्या आणि गीताच्या कर्त्याला स्वामित्वधनाचा समान वाटा दिला, आणि तो वाटा त्याने वारस किंवा हक्कसंस्था यांखेरीज कोणालाही देऊन टाकू नये, असे बंधन घातले. लताबाईंच्या मागणीचे तत्त्व अर्धशतकानंतर कायद्यात आले, असे म्हणता येईल. पण या तरतुदींच्या प्रकाशात आजच्या भाडोत्री संगीतनिर्मात्याची स्थिती तपासली तर काय दिसते? एखाद्या कंपनीने त्याला गायकाची तयार चाल दिली आणि तिच्याभोवती सर्व संगीत उभे करण्यास सांगितले, असे समजू. चाल त्याची नाही, म्हणून तो संगीतकार ठरत नाही. पुढाकार आणि जबाबदारी कंपनीची, म्हणून ज्या शब्दाने तो स्वतःला ओळखतो त्याच शब्दाच्या कायदेशीर अर्थाने तो निर्माता नाही. उरला प्रयोगकर्त्याचा हक्क. परंतु कायद्यात 'प्रयोग' म्हणजे प्रत्यक्ष, जिवंत केलेले सादरीकरण. स्टुडिओत गायिलेले गीतही मुळात जिवंत प्रयोगच होय, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००६ साली म्हटले आहे. तेव्हा गायक आणि व्हायोलिनवादक सुरक्षित आहेत. संगणकाच्या पडद्यावर एकेक ठोका मांडून सिद्ध केलेल्या तालाला जिवंत सादरीकरण म्हणावयाचे काय, हे मात्र शब्दार्थावरून सिद्ध होत नाही. अशा रीतीने हा कारागीर तिन्ही दारांबाहेर राहतो आणि त्याच्या हाती एकरकमी मोबदला, म्हणजे बिदागी, एवढेच येते. सेबॅस्टियन डिसोझांच्या आणि त्याच्या स्थितीत साधनांचा फरक आहे, स्थानाचा नाही.

'स्वतंत्र' या विशेषणाला खरा अर्थ येथे प्राप्त होतो. कंपनीशी करार नसणे ही स्वातंत्र्याची प्रचलित, आणि अपुरी, कल्पना आहे. चाल स्वतः बांधणारा, ती ध्वनिमुद्रित करण्यात स्वतः पुढाकार घेणारा आणि त्यात स्वतः गाणारा वा वाजविणारा मनुष्य कायद्याच्या दृष्टीने एकाच देहात तीन धनी असतो. संगीतकृतीवरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे आणि प्रयोगकर्त्याचा हक्क ५० वर्षे टिकतो. या तीन हक्कांचे उत्पन्न तीन निरनिराळ्या वाटांनी येते. संगीतकाराचा वाटा १९६९ साली स्थापन झालेल्या आणि २०१७ साली पुन्हा नोंदणी मिळालेल्या परफॉर्मिंग राइट सोसायटीमार्फत, तर ध्वनिमुद्रणाचा वाटा वितरकामार्फत. अनेक तरुण निर्माते फक्त दुसऱ्या वाटेवर उभे राहून 'पैसे येत नाहीत' अशी तक्रार करतात, आणि पहिल्या वाटेवर नावनोंदणी करण्याचेही कष्ट घेत नाहीत. करारात मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचेच मानले जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर ते भारतापुरतेच मानले जाते, ही कलमेही त्यांच्या वाचनात क्वचितच आलेली असतात.

मात्र हक्क हाती असणे आणि पोट भरणे यांत अंतर आहे. इंटरनेटवरून गीते ऐकविणाऱ्या मोठ्या सेवांपैकी बहुतेकींची वाटणीची पद्धत अशी की, महिन्याचे सर्व उत्पन्न एका राशीत जमते आणि एकूण श्रवणसंख्येत ज्याचा जितका भाग तितका त्याचा वाटा पडतो. कोल्हापूरच्या एखाद्या श्रोत्याने महिनाभर एकाच अनोळखी निर्मात्याची रचना ऐकली तरी त्याची वर्गणी त्या निर्मात्याकडे जात नाही. ती राशीत मिसळते आणि बव्हंशी ज्यांना कोट्यवधी लोक ऐकतात त्यांच्याकडे जाते. स्पॉटिफाय या सेवेने तर २०२४ पासून, मागील बारा महिन्यांत १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणास काहीच न देण्याचा नियम केला. याउलट २००८ साली सुरू झालेल्या बँडकॅम्पवर श्रोता थेट कर्त्याकडून संगीत विकत घेतो आणि संस्था डिजिटल विक्रीवर साधारणतः १५ टक्के ठेवते. तेथे शंभर निष्ठावंत ग्राहकांनाही अर्थ आहे. पण गीत पैसे देऊन विकत घेण्याची सवय कॅसेटबरोबर ज्या समाजातून गेली, त्या समाजात या मार्गाचा विस्तार किती होईल याविषयी फार आशा बाळगणे कठीण आहे.

म्हणूनच या विषयावरील उपदेशपर वाङ्मय शेवटी एकाच ठिकाणी येते : उत्पन्नाचे मार्ग अनेक ठेवा, शिकवणी करा, आवाजांचे संच विका, कार्यक्रम करा. हा उपदेश चुकीचा नाही. तो नवा असल्याचा आव तेवढा चुकीचा आहे. संस्थानिकांच्या आश्रयाबाहेर पडून विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले तेव्हा त्यांनी हेच केले. तिकिटे लावून जलसे, विद्यार्थ्यांची फी, स्वतः छापलेली स्वरलिपीची पुस्तके आणि लोकांच्या देणग्या या सर्वांवर त्यांचे स्वातंत्र्य उभे होते. पुढे मुंबईची वास्तू कर्जापायी हातची गेली. त्यांच्या उदाहरणावरून पराक्रमाचा धडा अवश्य घ्यावा. परंतु संगीताने मिळविलेला पैसा आणि संगीताच्या शेजारी बसून मिळविलेला पैसा यांत भेद आहे, हेही त्यावरूनच शिकावे. शिकवणीच्या पैशावर चालणारी निर्मिती ही शिक्षकाने निर्मात्याला दिलेली देणगी असते. देणारा आणि घेणारा एकच असल्यामुळे ती दिसत नाही, इतकेच.

महाराष्ट्रात आणि गोव्यात या हिशेबाची एक बाजू विशेष लक्ष देण्यासारखी आहे. येथे नवे गीत सर्वांत अधिक वाजते ते हळदीच्या रात्री आणि वरातीत. ठेक्यावर बांधलेले एखादे कोळीगीत एका लग्नसराईत शेकडो मांडवांत वाजते. कायद्याच्या ५२ व्या कलमात धार्मिक समारंभातील संगीताला सूट दिलेली असून, विवाहाची मिरवणूक आणि विवाहाशी निगडित इतर सामाजिक समारंभ यांचा त्यात समावेश असल्याचे स्पष्टीकरण जोडलेले आहे. ध्वनिक्षेपकवाला, मांडववाला, सभागृहाचा मालक या सर्वांना त्या रात्रीचे पैसे मिळतात. ज्याच्या गीतावर मांडव नाचतो त्याला मागण्याचा अधिकारच या सुटीच्या कक्षेत उरत नाही. ही कक्षा कोठपर्यंत, याविषयी वाद आहेत. विवाहसमारंभांसाठी परवाना मागू नये अशा आशयाचे गोवा शासनाचे परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२४ साली रद्द केले, कारण त्याने कायद्याहून अधिक सूट देऊ केली होती. कलम मात्र जागच्या जागी आहे. लग्नघरच्या मंडळींकडून वसुली करावी असे कोणी म्हणणार नाही, आणि म्हणूही नये. पण जो ध्वनिक्षेपकवाला एका हंगामात पन्नास मांडव करतो, त्याच्या धंद्याला यजमानाच्या धार्मिक विधीची सूट का लागू व्हावी, याचे उत्तर त्या स्पष्टीकरणात नाही.