अंगठा जुळला, वजनाचं काय?

कॅम्प ४ मध्ये तंत्रज्ञानावर बोलायचं म्हटलं की आम्हाला मोबाईलच्या आधी रेशन दुकानातलं ई-पॉस यंत्र आठवतं. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावण्यांतून हे शहर उभं राहिलं, १९४९ साली त्याला उल्हासनगर हे नाव मिळालं. आपण कोण ते कागद दाखवून पटवणं इथल्या जुन्या पिढीला नवं नव्हतं. आता कागदाच्या जागी बोट आलं.

यंत्राची बाजू आधी मांडू. दुसऱ्याच्या नावावर धान्य उचलणं त्यामुळे अवघड झालं, याचं श्रेय द्यायलाच हवं. पण आमचे आक्षेप दोन आहेत.

पहिला असा. धुणीभांडी करून, जीन्स शिवून-धुऊन बोटांचे ठसे झिजतात. यंत्र अंगठा घेत नाही. मग ओटीपी मागतात. तो जातो मुलाच्या मोबाईलवर, आणि मुलगा विठ्ठलवाडीहून लोकल पकडून केव्हाच कामावर गेलेला! आईने मजुरी बुडवून पुन्हा रांगेत यायचं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य. अंगठा जुळला, पण पिशवीत ४ किलोच पडलं तर? अंगठ्याला ते कळत नाही. उलट ५ किलो दिल्याची नोंद पक्की होते.

म्हणजे खरेपणा सिद्ध करायचा तो फक्त घेणाऱ्याने. यंत्र वाईट नाही हो, पण ते संशय कोणावर घेतं ते बघा. पावती मागा, आणि पिशवी काट्यावर ठेवायला सांगा.