पाणीपट्टीवर मोर्चा, कंपनी करावर मौन
(आयर्लंडमधील विरोधी राजकारणाची एक चिकित्सा)

आयर्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींच्या गप्पांत राजकारणाचा विषय निघाला की तो घरभाड्यापासून सुरू होतो आणि 'यांना एकदा बदललंच पाहिजे' इथे येऊन थांबतो. बदलायचे म्हणजे आणायचे कोणाला, तर शिन फेनला. या पक्षाने २०२० च्या निवडणुकीत पहिल्या पसंतीची २४.५ टक्के मते मिळवली, म्हणजे सर्व पक्षांत सर्वांत जास्त. तेव्हापासून विरोधी बाकांवरचा मुख्य आवाज त्याचाच आहे. घरे, दवाखाने, महागाई या प्रश्नांवर तो सरकारला धारेवर धरतो आणि ते योग्यच आहे. परंतु देशाची तिजोरी ज्या पैशावर चालते त्या कंपनी कराबद्दल हा आवाज एकदम मवाळ होतो. हे मौन तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

कंपनी कराचा इतिहास थोडक्यात पाहू. १९५० च्या दशकात आयर्लंडमधून माणसे बोटी भरभरून परदेशी जात होती. परकीय भांडवल यावे म्हणून १९५६ मध्ये निर्यातीच्या नफ्यावर करसवलत देण्यात आली. पुढे युरोपीय समुदायात शिरल्यावर निर्यातीला अशी वेगळी वागणूक देणे अडचणीचे ठरले. तेव्हा १९८१ पासून सर्व कारखानदारीला सरसकट १० टक्के दर लावला गेला. बाकीचे धंदे मात्र १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ४० टक्क्यांच्या आसपास कर भरत होते. या भेदभावाला युरोपीय आयोगाने हरकत घेतली. त्यावर आयर्लंडने कारखानदारांचा दर वर नेण्याऐवजी सर्वांचाच खाली आणला, आणि २००३ पासून व्यापारी नफ्यावर १२.५ टक्के हा दर लागू झाला. सरकारे फियाना फॉईलची आली, फिना गेलची आली, लेबर पक्ष सत्तेत आला आणि गेला. या आकड्याला कोणी हात लावला नाही. २०१० च्या अखेरीस देश कर्जबाजारी होऊन युरोप आणि नाणेनिधीच्या दारात उभा राहिला. फ्रान्सने कर वाढवण्याचा आग्रह धरला, तरीही आयर्लंडने हा आकडा सोडला नाही. सरकारी नोकरांचे पगार कापले गेले, नवे कर बसले, पण १२.५ जागच्या जागी राहिले.

सरकार पक्षाने असे वागावे यात नवल नाही. प्रश्न विरोधकांचा आहे. शिन फेनच्या धोरणात एकेकाळी हा दर १७.५ टक्क्यांवर नेण्याची सूचना होती. २००७ च्या निवडणुकीच्या तोंडावर पक्षाने ती मागे घेतली. त्याहून बोलका प्रकार सीमेपलीकडचा. उत्तर आयर्लंडमध्ये हा पक्ष सत्तेत भागीदार होता आणि तिथला कंपनी कर ब्रिटनपेक्षा खाली, १२.५ टक्क्यांवर आणण्याच्या योजनेला त्याचा पाठिंबा होता. २०१५ मध्ये ब्रिटिश संसदेने तसा कायदा केला आणि एप्रिल २०१८ ही तारीखही ठरली. करात सूट दिली की लंडनहून येणाऱ्या अनुदानात तेवढी कपात होणार, हे सर्वांना ठाऊक होते. म्हणजे कंपन्यांना दिलेली सवलत शाळा-इस्पितळांच्या पैशातून भरून काढायची होती. जानेवारी २०१७ मध्ये तिथले सरकारच कोसळले आणि योजना बासनात गेली. दक्षिणेत बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या लाडावर टीका आणि उत्तरेत त्याच लाडाची तयारी, असा हा मामला होता.

आता पाणीपट्टीचे उदाहरण घ्या. २०१४ मध्ये आयरिश वॉटर या नव्या कंपनीमार्फत पाणीपट्टी सुरू करायचे ठरले. मोठ्या कुटुंबाला ती वर्षाला जास्तीत जास्त २६० युरो पडणार होती. लाखो माणसे रस्त्यावर उतरली. शिन फेनचे नेते सुरुवातीला, पाणीपट्टी नको पण आम्ही ती भरू, असे म्हणत होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये डब्लिनच्या एका पोटनिवडणुकीत, पाणीपट्टी भरूच नका म्हणणाऱ्या डाव्या उमेदवाराने त्यांचा पराभव केला आणि पक्षाची भाषा रातोरात बदलली. अखेर पट्टी रद्द झाली, भरलेले पैसेही परत मिळाले. बिल घरी येते, ते हातात धरता येते, म्हणून त्यावर राग काढता येतो. कंपनीने न भरलेल्या कराचे बिल कोणाच्याच घरी येत नाही. लोकानुनयी राजकारण रागाच्या मागे चालते, हिशेबाच्या मागे नाही. २०२४ मध्ये संसदेच्या आवारात सायकली ठेवायच्या छपरावर सुमारे ३ लाख ३५ हजार युरो खर्च झाल्याचे उघड झाले, तेव्हा किती गदारोळ झाला हे आपण पाहिले. तो खर्च लाजिरवाणाच होता. पण त्या गदारोळाच्या शतांश उत्साहाने कोणी करसवलतींची छाननी केल्याचे आठवत नाही.

ॲपलचा खटला याला अपवाद वाटेल. ३० ऑगस्ट २०१६ रोजी युरोपीय आयोगाने ॲपलकडून १३ अब्ज युरो वसूल करा असे आयर्लंडला सांगितले. आयोगाच्या हिशेबाप्रमाणे २०१४ मध्ये ॲपलच्या एका उपकंपनीने युरोपातील नफ्यावर ०.००५ टक्के, म्हणजे दर दहा लाखांच्या नफ्यावर ५० युरो कर भरला होता. सरकार म्हणाले, आम्हाला हे पैसे नकोत, आम्ही अपील करणार! शिन फेनने अपिलाला विरोध केला, पैसे घ्या आणि लोकांसाठी खर्च करा असे सांगितले. खटला २०२० मध्ये सरकारच्या बाजूने गेला आणि १० सप्टेंबर २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाने अखेरचा निकाल आयोगाच्या बाजूने दिला. या वादात विरोधकांची भूमिका बरोबर ठरली, हे मान्य करायला हवे. पण ती भूमिका एका कंपनीच्या जुन्या थकबाकीपुरतीच होती. पुढे काय, दर किती असावा, सवलती कोणत्या ठेवाव्यात, यावर पुन्हा तेच मौन. सापडलेला हंडा वाटून घेऊ म्हणायला धाडस लागत नाही. शेत कसे कसायचे ते सांगायला लागते.

न्याय द्यायचा तर आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. पेटंट, सॉफ्टवेअरचे हक्क अशी अमूर्त मालमत्ता आयर्लंडमध्ये आणली की तिच्या किमतीची वजावट नफ्यातून मिळते. त्या वजावटीवरची ८० टक्क्यांची मर्यादा २०१५ पासून उठवली होती. अर्थतज्ज्ञ शेमस कॉफी यांच्या २०१७ च्या अहवालानंतर सरकारने ती पुन्हा घातली, पण फक्त नव्याने येणाऱ्या मालमत्तेसाठी. मधल्या काळात आलेल्या प्रचंड मालमत्तेलाही ती लावा, ही मागणी शिन फेनचे अर्थविषयक प्रवक्ते पिअर्स डोहर्टी यांनी सातत्याने केली. ही खरी विरोधी पक्षाची कामगिरी. दुर्दैव असे की निवडणुकीच्या सभांत ती ऐकूच येत नाही. ती समजावून सांगायला पंधरा मिनिटे लागतात आणि तिच्यावर टाळ्या पडत नाहीत.

यावर नेहमीचे उत्तर असे की छोट्या देशाला दुसरा इलाज काय? पन्नास-पंचावन्न लाख वस्तीच्या देशाने दर वाढवला तर कंपन्या उद्या बिऱ्हाड हलवतील. हे भय अगदीच खोटे नाही. पण त्याची परीक्षा झाली आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयर्लंडने आंतरराष्ट्रीय करारात भाग घेतला आणि २०२४ च्या सुरुवातीपासून ७५ कोटी युरोंहून अधिक उलाढाल असलेल्या कंपनी-समूहांसाठी किमान १५ टक्के दर लागू झाला. कंपन्या पळून गेल्या नाहीत. जो आकडा बदलणे पाप मानले जात होते तो बदलला, पण डब्लिनमधील कोणत्याही पक्षाने मतदारांना विचारून नव्हे, तर बाहेरच्यांच्या रेट्याने. देशातल्या विरोधकांनी जो वाद वीस वर्षे घालायचा टाळला, तो परक्यांनी निकालात काढला. लोकशाहीच्या दृष्टीने याहून मोठी नामुष्की कोणती?

आणि आता खरा धोका दराचा राहिलेला नाही, अवलंबनाचा आहे. २०१४ मध्ये कंपनी करातून सुमारे ४.६ अब्ज युरो मिळाले होते. २०२३ मध्ये सुमारे २३.८ अब्ज. एकूण कराच्या दर चार युरोंपैकी एकाहून अधिक युरो इथून येतो, आणि त्यातला चाळीस टक्क्यांहून जास्त वाटा अवघ्या तीन कंपनी-समूहांचा असल्याचे वित्तीय सल्लागार परिषदेने दाखवून दिले आहे. यातला काही पैसा २०२४ मध्ये स्थापन केलेल्या दोन राखीव निधींत जातो, पण बराचसा रोजच्या खर्चात मुरतो. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांनी आश्वासनांची खैरात केली. शिन फेनने त्यावर कडी केली: घरपट्टी काढून टाकू, उत्पन्नावरचा युनिव्हर्सल सोशल चार्ज कमी करू. म्हणजे जे कर या मातीतून येतात आणि भरवशाचे आहेत ते कमी करायचे, आणि अमेरिकेतल्या तीन संचालक मंडळांच्या मर्जीवर आणखी भार टाकायचा. डाव्या पक्षाने मांडलेला हा कार्यक्रम पाहून कोणाही कंपनीच्या सल्लागाराला शांत झोप लागेल. त्या निवडणुकीत पक्षाची मते १९ टक्क्यांवर आली. त्याची कारणे अनेक आहेत, पण सरकारपेक्षा वेगळा हिशेब मांडला नाही, हेही त्यांतले एक असावे.

आपला याच्याशी संबंध काय? पुष्कळ आहे. आपल्यापैकी बरेच जण याच कंपन्यांच्या पगारावर इथे आले. मालवण तालुक्यातल्या वराड गावचे मूळ असलेले लिओ वराडकर २०१७ मध्ये पंतप्रधान झाले तेव्हा आपल्या घराघरांत पेढे वाटले गेले. ॲपलचे ते अपील त्यांच्याच सरकारने पुढे चालवले, हे मात्र फारसे कोणी बोलले नाही. आपला माणूस म्हणून कौतुक आणि आपला पगार म्हणून मौन, हेही एक प्रकारचे राजकारणच. या कंपन्यांच्या आगमनाने नोकऱ्या आल्या तशी घरभाडीही चढली, आणि आपल्यातली जी मंडळी शुश्रूषा किंवा वृद्धाश्रमाच्या कामात आहेत त्यांना त्या भाड्याचा चटका जास्त बसतो. उद्या त्या तीनपैकी एका कंपनीने आपली पेटंटे दुसरीकडे नेली, तर कात्री प्रथम इस्पितळांना आणि शाळांना लागेल. २०१० नंतर ती कशी लागली हे जुन्या मंडळींना विचारावे.

आपल्यातले अनेक जण आता आयरिश नागरिक झाले आहेत आणि त्यांना राष्ट्रीय निवडणुकीत मत आहे. नागरिक नसलेल्यांनाही स्थानिक निवडणुकीत मत देता येते. उमेदवार दारात येतात, आपण त्यांना पार्किंगबद्दल आणि रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल विचारतो. ते जरूर विचारावे. पण विरोधी पक्षाचा माणूस 'आम्ही बदल घडवू' म्हणत आला, तर त्याला दोन प्रश्न अधिक विचारावेत. या तीन कंपन्यांचा कर निम्मा झाला, तर तुमची आश्वासने कोणत्या पैशातून पुरी होतील? आणि कोणती करसवलत तुम्ही नाव घेऊन बंद कराल? सरकारपक्षाच्या माणसालाही हेच विचारावे. उत्तर कोणाकडे आहे ते पाहून मग मत ठरवावे.