तक्त्यात डास आहे. रक्त कुठे आहे?

हिवतापाचा तक्ता पाहिला नाही असा शिक्षक विरळाच. साचलेले पाणी, त्यातल्या अळ्या, मागची बाजू उचलून तिरका बसलेला ॲनॉफेलिस आणि शेवटी पांघरुणाखाली कुडकुडणारे मूल. धड्याची मांडणीही बहुधा हीच असते.

यात चूक काही नाही. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात तर हे शिकवायलाच हवे. बांधकामावरचे पाण्याचे हौद आणि गच्चीवरच्या उघड्या टाक्या ही शहरी ॲनॉफेलिसची आवडती ठिकाणे, आणि तिथे राबणाऱ्या मजुरांची मुले आपल्याच वर्गांत बसतात. आक्षेप आहे तो गाळलेल्या भागाला. लाव्हराँ यांना १८८० साली अल्जीरियात हा परजीवी प्रथम दिसला तो रुग्णाच्या रक्तात. रॉस यांनी तो डासात दाखवला १८९७ साली. आपण दुसरा शोध शिकवतो, पहिला वगळतो.

त्यामुळे 'एक दिवसाआड थंडी-ताप' हे मुलांना पाठ असते, पण का, ते सांगता येत नाही. परजीवी तांबड्या पेशीत शिरतो, वाढतो आणि सुमारे ४८ तासांनी पेशी फोडून बाहेर पडतो. बऱ्याच पेशी एकदम फुटल्या की थंडी वाजून ताप चढतो.

इथे वर्गात एक गणित घालता येईल. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणजे निरोगी शरीरातही रोज शंभरातली जवळजवळ एक पेशी बदलते. व्हायव्हॅक्स प्रकारात परजीवी असलेल्या पेशी सहसा शंभरात दोनपेक्षा कमीच असतात. त्या दोन दिवसांत फुटल्या तरी रोजची जादा घट एक टक्क्याच्या आतच राहते. मग हिमोग्लोबिन याहून अधिक का उतरते? कारण प्लीहा परजीवी नसलेल्या कित्येक पेशीही काढून टाकते, आणि त्याच वेळी अस्थिमज्जेतले नव्या पेशींचे उत्पादन मंदावते. खर्च वाढला, आवक घटली. औषधाने ताप उतरल्यावरही काही दिवस हिमोग्लोबिन घसरू शकते आणि ते भरून यायला काही आठवडे लागतात.

मुलांच्या बाबतीत हे अधिक गंभीर ठरते, कारण मुळात शिल्लकच थोडी असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. आजारातून उठून शाळेत आलेले मूल डुलक्या घेते, खेळात मागे पडते. त्याला आळशी म्हणण्यापूर्वी हे गणित आठवावे.

दुसरी गफलत बिंबिकांची, म्हणजे प्लेटलेट्सची. एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. पावसाळ्यात अहवालात हा आकडा खाली दिसला की घरोघरी निदान होते, 'डेंग्यू!' आणि पपईच्या पानांचा शोध सुरू होतो. पण बिंबिका हिवतापातही कमी होतात. पांढऱ्या पेशी हिवतापात बहुधा नेहमीइतक्या किंवा किंचित कमी असतात. त्या डेंग्यूतही घटतात. म्हणजे नुसत्या पेशीगणनेवरून या दोन रोगांत निवाडा होत नाही. त्यासाठी काचपट्टीवरचा रक्तनमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो किंवा शीघ्र चाचणी करावी लागते. ताप कायम राहिला तर एकदा नकारार्थी आलेली तपासणी पुन्हा करावी लागते. हे न केल्यास औषधाने बरा होणारा हिवताप अंगात राहतो, आणि फाल्सिपेरम असेल तर तो जिवावर बेततो. उलट, योग्य उपचार सुरू झाले की बिंबिका बहुधा काही दिवसांतच वाढू लागतात.

तक्ता फाडून टाकायला नको. डास आणि मूल यांच्यामध्ये एक चौकोन काढावा, त्यात फुटणारी तांबडी पेशी दाखवावी आणि खाली तीन ओळी लिहाव्यात: हिमोग्लोबिन उतरते, बिंबिका घटतात, खात्री रक्तनमुन्यानेच होते. डास मारायला शिकवणारा धडा, तापलेल्या मुलाचे रक्त वेळेवर तपासायलाही शिकवील.